गिरणीचं तेल

“चाकं तापतात हां हल्ली, मेस्त्री. परवा चाकाच्या ड्रमला हात लावला तर चटकाच बसला.”

रघुनाथ ड्रायव्हर हे अगदी सहज म्हणाला, चहा बशीत ओतता ओतता. आज फार उकडतंय असं कुणी म्हणावं तसं. धोंडू मेस्त्री दुसऱ्या एका गाडीखाली आडवा झाला होता. तो तिथूनच हसला. “मुंबईत माणसांची डोकी तापली हत रे, आणि तू चाकांचा काय घेवन बसलंस!” त्यावर बाकीची माणसंही हसली आणि पत्र्याच्या शेडमध्ये हातोड्याचे ठोके पुन्हा सुरू झाले. मी फळ्यांच्या पार्टिशनमागे बसून गाड्यांची कार्डं लिहीत होते. कुठल्या गाडीला काय झालं, मेस्त्रीने काय केलं, कुठला भाग बदलला, हे सगळं त्या कार्डांवर लिहायचं, एवढंच माझं गॅरेजमधलं काम. रघुनाथ चालवायचा त्या डॉक्टरांच्या व्हॅनचं कार्ड माझ्या समोरच्या दोऱ्याला अडकवलेलं होतं. ‘ब्रेकचे रबर बदलले, तेल भरले’ असं त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्याला तीन आठवडे होत आले होते. कसलं तेल भरलं ते मी लिहिलं नव्हतं.

चाकं तापतात म्हणजे काय, हे त्या शेडमध्ये फक्त मला ठाऊक होतं. ब्रेक धरतो आणि सुटत नाही. आधी तो सुटायचा थांबतो, मग एक दिवस धरायचाही थांबतो. इंग्रजी पुस्तकात ते याच क्रमाने लिहिलं होतं. मी ते इतक्या वेळा वाचलं होतं की डोळे मिटले तरी त्या पानाखालची चौकट दिसायची.

“ये, उद्या ब्रेकचे शू जरा ढिले करतंय,” मेस्त्री म्हणाला. “मगे नाय तापूची.”

“उद्या नक्की करा. शनिवारी घाट चढायचाय,” रघुनाथ म्हणाला. “डिलाईल रोडचा तो विणकर, पायात गोळी गेलेला, त्याला गावी सोडायचाय. साताऱ्याकडे. बायको-पोरांसकट.”

माझी पेन्सिल थांबली होती. ढिले केले की चाकं तापायची थांबणार, आणि तापणं ही त्या गाडीने दिलेली एकुलती एक सूचना होती.

पुढे ते गॅरेज मी तीस-पस्तीस वर्षं चालवलं. एका शेडच्या तीन झाल्या, माणसं आली, गेली, गिऱ्हाइकांच्या मुलांच्या मुलांनी गाड्या आणल्या. लोकांना वाटतं मी कडक आहे, कारण कुणी बोलता बोलता गाडीबद्दल काही म्हणालं की मी हातातलं काम ठेवून त्याला पुन्हा विचारते. नेमकं काय होतं? कधीपासून? सांगा, परत सांगा. ती सवय मला कुठे लागली हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. ते इथे लिहिते आहे.

बाबा मूळ मालवणकडचे. एका इंग्रज कंपनीच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं पाने फिरवल्यावर त्यांनी लालबागला, गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकून असलेली ही पत्र्याची शेड घेतली. गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा स्वतः खणला. छपराच्या तुळईला साखळी बांधून इंजिन उचलायची सोय स्वतः केली. त्यांचा साहेब विलायतेला परत जाताना त्यांना मोटारदुरुस्तीचं एक जाड निळं पुस्तक देऊन गेला, आणि गिरगावातल्या मिशनच्या शाळेला माझ्यासाठी एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर मी शिकले. शाळेत मुली मला ‘ग्रीज’ म्हणायच्या, कारण माझ्या डब्याच्या कापडाला घासलेटचा वास यायचा. चाळीत मुली मला ‘मडम’ म्हणायच्या. दोन्हीकडे न बोलणं सोपं होतं, म्हणून मी बोलत नसे. शाळेतून मॅट्रिक झाले, कॉलेजात नाव घातलं, आणि तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि कॉलेज आज उघडं तर उद्या बंद असं चालू झालं. तेव्हा बाबा म्हणाले, घरात बसून काय करतेस, शेडमध्ये बस.

आमचं घर समोरच्याच चाळीत दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडायची. जेवण तयार झालं की आते, म्हणजे बाबांची मोठी विधवा बहीण, खिडकीच्या गजांवर उलथणं वाजवायची आणि गल्लीभर ओरडायची, “जेवाक येवा रे!” ते बाबांनाच नाही, मेस्त्रीलाही असायचं. आई अबोल होती, तिचं सगळं बोलणं आतेच करायची. गिरण्या चालू असल्या की आमच्या फळीवरची भांडी दिवसरात्र बारीक थरथरत राहायची, वाटी वाटीला लागून एक नाजूक आवाज सतत येत राहायचा. आम्हाला तो ऐकूच येत नसे. हरताळ पडला आणि गिरण्या थांबल्या की तो आवाज बंद पडायचा, आणि मग सगळं घर दचकल्यासारखं व्हायचं. आई हातातलं काम थांबवून फळीकडे बघायची. त्या दिवसांत मासळी येत नसे. वरळीच्या कोळणी टोपल्या घेऊन निघायच्या आणि पोलिसांनी परत पाठवल्या की माघारी वळायच्या. आम्ही सुका बांगडा भाजायचो आणि कुळथाच्या पिठीबरोबर भात खायचो. चार दिवस, पाच दिवस तेच. आजही कुळीथ शिजायला लागला की मी फळीवरच्या भांड्यांकडे बघते.

बाबांचं गिऱ्हाईक वाढलं त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे काढलेला खराब भाग ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे. “बघा, ह्या झिजला,” म्हणायचे. दुसरं कारण ते निळं पुस्तक. बाबांना इंग्रजी अक्षर लावता येत नसे, पण त्या पुस्तकावर त्यांची श्रद्धा होती. दसऱ्याला पाने-हातोड्यांबरोबर त्यालाही हळद-कुंकू लागायचं. आणि शनिवारी दुपारी, काम लवकर आटोपलं की, वाचन व्हायचं. माणसं घासलेटने हात धुऊन उलट्या खोक्यांवर बसायची, चहा यायचा, मधल्या पेटीवर धुतलेलं फडकं आणि त्याच्यावर पुस्तक. पुस्तकाला हात फक्त माझा लागायचा. मी एक वाक्य इंग्रजीतून वाचायची आणि मग मराठीत सांगायची. मेस्त्री मान डोलवायचा, बाबा डोळे मिटून ऐकायचे. दादर, शीवपर्यंतची गिऱ्हाइकं बाबांच्या तोंडून हे ऐकून गेली होती: “आमच्याकडे सगळा काम पुस्तकाप्रमाणा होता. माझा चेडू वाचता.”

इतकी माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत, ही गोष्ट मला दर शनिवारी नव्याने सहन करावी लागायची.

एका शनिवारी तेलाच्या ब्रेकचं प्रकरण निघालं. बाबांची आणि मेस्त्रीची हयात सळयांच्या आणि दोऱ्यांच्या ब्रेकवर गेलेली. पायाखालच्या तेलाचा दाब नळीतून चाकापर्यंत जातो आणि तिथे रबराचा एक छोटासा पेला तो झेलतो, ही त्यांना नवलाची गोष्ट होती. त्या रबराच्या भागाला काय म्हणावं ते मला सुचेना. मी म्हटलं, “रबराची वाटी.”

“वाटी?” मेस्त्री म्हणाला. “मगे आमटी खंय आसा?”

सगळे हसले. बाबाही हसले, डोळे न उघडता. त्यात वाईट काही नव्हतं, मेस्त्री माझ्यावर पोटच्या पोरीसारखी माया करायचा. पण माझे कान तापले, पानावरची अक्षरं हलायला लागली. पान संपत आलं होतं. खाली बारीक अक्षरात एक चौकट तेवढी राहिली होती. मी ‘योग्य तेल भरावे’ एवढं सांगितलं आणि पुस्तक मिटलं.

“झाला?” बाबांनी विचारलं.

“झालं,” मी म्हटलं.

त्यानंतर काही दिवसांनी गोळीबार झाला. आमच्या गल्लीतून तो दुकानांच्या फळ्या एकामागून एक पडाव्यात तसा ऐकू आला. आते खिडकी लावायला गेली आणि खिडकीशीच बसली. गिरण्या थांबल्या, ट्रामही थांबल्या. दादरच्या एका डॉक्टरांची व्हॅन आमच्याकडे यायची. तिच्या दोन्ही अंगांवर बाबांनी स्वतः लाल रंगाने फुली काढून दिली होती. ती गाडी जखमी माणसांना उचलून नेत होती आणि त्याच दिवशी दुपारी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. ब्रेकच्या वाट्यांमधून तेल गळून गेलं होतं. रघुनाथच्या शर्टावर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त वाळलं होतं आणि तो नुसता म्हणत होता, “लवकर करा ओ, लवकर करा.” नवी रबरं बाबांकडे होती. ब्रेकच्या तेलाचा डबा मात्र रिकामा निघाला. सामानाची दुकानं गिरगावच्या पलीकडे, आणि तिकडे जायला रस्ता नाही.

तेव्हा मेस्त्री घरी धावला आणि एक बाटली घेऊन आला. त्याचा भाऊ गिरणीत रिंग खात्यात होता. तिथल्या सूत कातायच्या चात्यांना घालतात ते तेल, पाण्यासारखं पातळ, स्वच्छ, किंचित पिवळं. बाटली उजेडात धरून तो म्हणाला, “ह्याच्यापेक्षा चांगला तेल मुंबईत नाय. चाती दिवसभर फिरतत ह्याच्यार, कधी तापनत नाय.” गिरणगावातला कुठलाही माणूस हेच म्हणाला असता. त्या तेलावर सगळ्यांची पोटं चालत होती. त्याच्यात खोट असेल असं कुणाच्या मनात यायचंही कारण नव्हतं. बाबा मात्र क्षणभर थांबले. ते पार्टिशनपाशी आले.

“चेडवा, तेलाचा पुस्तकात आणखी काय लिवलाहा? ह्या घातला तर चालात?”

सगळे माझ्याकडे बघत होते. रघुनाथही. माझ्या डोक्यात त्या चौकटीचा आकार होता, आतले शब्द नव्हते, कारण मी ते वाचलेच नव्हते. पुस्तक घरी, देवाच्या फळीवर होतं. जाऊन बघते म्हणायला दोन मिनिटं लागली असती. पण बघते म्हटलं असतं तर त्या शनिवारी मी पान पुरं केलं नव्हतं हे कळलं असतं. मी मान हलवली. काही नाही.

बाबांनी तेल भरलं. व्हॅन गेली. त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने कितीतरी माणसांना उचललं, आणि ब्रेक नव्या गाडीसारखा लागला.

मी संध्याकाळी पुस्तक काढलं. देवापुढचा दिवा जळत होता, त्याच्या उजेडात चौकट वाचली. कोणत्याही परिस्थितीत खनिज तेल वापरू नये. रबर फुगते. ब्रेक प्रथम सुटेनासा होतो व चाके तापतात. त्यानंतर तो निकामी होतो. गिरणीचं तेल खनिज तेलच होतं. कुंकवाचं एक बोट पानाच्या कडेला उमटलेलं होतं.

मी सांगितलं नाही. व्हॅन माणसं वाचवते आहे, रस्ते उघडले की खरा डबा येईल, बाबा आपणहून तेल बदलतील, असं मी स्वतःला सांगितलं. रस्ते उघडले. डबा आलाही. पण बाबा म्हणाले, बरं चाललंय त्याला हात कशाला लावायचा. उलट मेस्त्रीने भावाला सांगून गिरणीच्या तेलाचा मोठा डबा मागवला. पुढे जी गाडी येईल तिच्यात तेच घालायचं ठरलं. तो डबा येऊन आमच्या पार्टिशनला टेकून उभा राहिला, माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर.

मग मी एक गोष्ट केली. व्हॅनमधून काढलेल्या जुन्या वाट्यांपैकी दोन मी खिशात घातल्या. एक तशीच ठेवली आणि दुसरी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गिरणीचं तेल ओतून त्यात टाकली. बरणी माझ्या ट्रंकेमागे लपवली. पुस्तकातली गोष्ट विलायतेच्या रबराची असेल, आपल्याकडच्या हवेत तसं होत नसेल, अशी मला आशा होती. पहिल्या दिवशी दोन्ही वाट्या माझ्या करंगळीच्या टोकावर नीट बसत होत्या. तिसऱ्या दिवशी तेलातली वाटी बोटावर सैल झाली. आठव्या दिवशी ती अंगठ्यावरूनही घसरायला लागली. दाबली की मऊ, लिबलिबीत, एखाद्या जिवंत वस्तूसारखी लागायची. मी रोज सकाळी आई पाण्याला गेली की बरणी काढून बघायची. शाळेत प्रयोगाच्या वहीत लिहायचे तशी मनात नोंद करायची, आणि परत ठेवायची. असं वाटायचं की ही बरणी एक दिवस बाबांसमोर ठेवली की पुरे, मला काही बोलावं लागणार नाही. तीच सांगेल.

त्या आठवड्यात बाबांनी बाजूची बंद पडलेली शेड भाड्याने घेतली. डॉक्टरांनी आपल्या ओळखीच्या चार डॉक्टरांच्या गाड्या पाठवायचं कबूल केलं होतं, आणि एक शाळा आपली बस पाठवणार होती. पाटी रंगवणारा आला होता. बाबांनी त्याला पाटीवर एका कोपऱ्यात निळं पुस्तक काढायला सांगितलं. “उघडा काढ,” ते म्हणाले, “वाचूक दिसाक व्हया.” पाटीवाल्याने विचारलं, “त्यात अक्षरं काय काढू?” बाबांनी माझ्याकडे बोट केलं. “ताका विचार.” मी काहीतरी सांगितलं. काय ते आता आठवत नाही. शाळेची बस येणार आणि तिच्यात तो डबा ओतला जाणार, एवढंच डोक्यात होतं.

आणि मग एका सकाळी बरणी ट्रंकेमागे नव्हती. आते मोरीत बसून ती राखेने घासत होती.

“ह्या कसला घाणेरडा साठवून ठेवलं होतंस गो? मी म्हटलंय, हिच्या मडमेच्या शाळेतला कायतरी औषध! वास मारी. गटारात ओतून टाकलंय. बरणी माका व्हयी होती लोणच्याक.”

“त्यात एक रबर होतं,” मी म्हटलं.

“ता मऊ मऊ? ताय गेला.” तिने बरणीत फुंकून बघितलं. “कित्याक गो? सोन्याचा होता?”

मी नाही म्हटलं. दुसरी वाटी, कोरडी, माझ्या खिशात होती. ती एकटी काहीच सांगत नव्हती.

हे सगळं झालेलं असताना गुरुवारी रघुनाथ म्हणाला, चाकं तापतात. त्या संध्याकाळी मी ठरवून जेवायला बसले. बाबा आनंदात होते. नव्या शेडमध्ये माझ्यासाठी खिडकीपाशी टेबल टाकायचं असं ते आईला सांगत होते. “पोरगी नसती तर काय?” ते म्हणाले. “आपण आंधळेच. हिच्या डोळ्यांनी गॅरेज चालता.” आईने माझ्या पानात मोठा बांगडा वाढला, त्या दिवशी मासळी आली होती. मी म्हटलं, “बाबा, डॉक्टरांच्या गाडीचा ब्रेक...”

“मेस्त्री उद्या ढिलो करता. ऐकलंय मी.”

“ढिला करू नये असं वाटतं.”

“कित्याक?” ते थांबले. आतेही थांबली. घास हातात धरून बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. ते माझ्याकडून शिकायला तयार असल्यासारखे बघत होते. तेच मला सहन झालं नाही.

“असंच,” मी म्हटलं.

आते हसली. “शिकली ती शिकली, आता मेस्त्रीकय शिकवतली!”

शुक्रवारी मेस्त्रीने ब्रेक ढिले केले. मी कार्डावर तसं लिहिलं. अक्षर माझं नेहमीसारखंच होतं, एक रेघही वाकडी नव्हती.

आता वाटतं, त्या दोन दिवसांत मी घाबरले होते हे खरं नाही. घाबरलेला माणूस काहीतरी करतो, पळतो, ओरडतो. मी फक्त वाट बघत होते की कुणीतरी दुसरं बोलेल. दुसरं कुणी बोलू शकत नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाला ते माहीतच नव्हतं.

शनिवारी सकाळी व्हॅन लवकर आली. मागच्या बाकावर गादी टाकली होती आणि तिच्यावर तो विणकर पाय लांब करून बसला होता, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. त्याची बायको गाठोडं पायाशी घेऊन, एक मूल मांडीवर, एक बाजूला. चाळीतली माणसं निरोप द्यायला बाहेर आली होती, कारण तो आता सगळ्यांचा माणूस झाला होता. कुणीतरी त्याच्या प्लॅस्टरवर कुंकू लावलं. पोरं घोषणा देत होती. आतेने भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. आणि धोंडू मेस्त्री धुतलेला शर्ट घालून, पान्यांची पिशवी घेऊन पुढच्या सीटवर चढला.

“तुम्ही कुठे?” रघुनाथने विचारलं.

“घाटात काय झाला तर मी आसय मा. माझो ब्रेक आसा तो.” मग त्याने मला पार्टिशनच्या फटीतून बघितलं आणि हात हलवला. “बाय, खंडाळ्याची चिकी आणू?”

रघुनाथने इंजिन चालू केलं. ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला, खूप खाली. मी ते पार्टिशनमागून बघितलं नाही, ऐकलं. पायाच्या पट्टीचा लाकडाला लागल्यासारखा एक पोकळ आवाज. त्याने पुन्हा दोनदा दाबला.

“जरा खोल जातोय,” तो म्हणाला. “हां, आता आला.”

“ढिले केलेत ना, तसाच लागतला,” मेस्त्री म्हणाला. “चल.”

बाबांनी नारळ फोडला. पाणी पुढच्या चाकावर पडलं. विणकराच्या मोठ्या मुलाने ते बघून हात बाहेर काढला, त्याच्या आईने तो आत ओढला. व्हॅन मागे सरकायला लागली.

शेडमध्ये माणसं काम करत असताना मी पार्टिशनच्या बाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. तशी मनाई नव्हती, माझीच पद्धत होती. मी बाहेर आले. तेलकट जमिनीवर माझी चप्पल घसरली आणि मी व्हॅनच्या तोंडालाच धरलं. बॉनेट गरम होतं आणि हाताखाली थरथरत होतं. रघुनाथने गाडी थांबवली, हाताच्या ब्रेकवर. गल्लीतल्या घोषणा हळूहळू थांबत गेल्या. सगळे बघत होते. आते खिडकीत होती.

“बाजूक हो गो,” बाबा हसत म्हणाले. “उशीर होता.”

मेस्त्री खिडकीतून वाकला. “काय झाला, बाय? तुका चिकी नको?”

“काय गो?” बाबा आता हसत नव्हते. ते माझ्याजवळ आले. इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्यांनी डोकं खाली केलं, आणि मी त्यांच्या कानात न बोलता, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, “गाडी जाऊ देऊ नका. ब्रेकमध्ये गिरणीचं तेल घालायचं नाही असं पुस्तकात लिहिलंय, त्या शनिवारी मी ते वाचलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा न वाचताच नाही म्हणाले. त्याच संध्याकाळी वाचलं, बाबा, आणि तेव्हापासून गप्प बसलेय.”